दुरून डोंगर गार

ठाणे जिल्ह्यात कुठेही उभे राहा, नजरेच्या टप्प्यात एक तरी डोंगर असतो. ठाण्याला येऊर, कळवा-मुंब्र्याला पारसिक, कल्याण-डोंबिवलीला मलंगगडाची रांग, बदलापूरला माथेरानचा माथा. आणखी आत शिरले की माहुली, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट. पावसाळ्यात या डोंगरांचे फोटो निघतात आणि उन्हाळ्यात त्यांच्याबद्दल मते निघतात. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या गच्चीवर, प्रचाराच्या व्यासपीठावर ही मते इतक्या ठामपणे मांडली जातात की ती खरी आहेत का, हे कुणी विचारत नाही. गैरसमज अज्ञानातून येतात असे आपण धरून चालतो. डोंगरांबद्दलचे पुष्कळसे गैरसमज मात्र सोयीतून आलेले आहेत. त्यांत दोष नेहमी दुसऱ्याचा असतो: आभाळाचा, आदिवासींचा, नाहीतर सरकारचा.

गैरसमज : इकडे समुद्र, तिकडे डोंगर; ठाणे-कल्याणचा उन्हाळा विदर्भासारखा थोडाच असणार?

वस्तुस्थिती : एप्रिलमध्ये आपल्याला भाजून काढणारी हवा पुष्कळदा डोंगरावरूनच खाली येते. घाटमाथ्यापलीकडचे दख्खनचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे. मार्चअखेर ते चांगलेच तापलेले असते. पूर्वेचे वारे सुटले की ती कोरडी हवा सह्याद्रीची कड ओलांडून कोकणात उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. हजार मीटर खाली येताना कोरडी हवा जवळजवळ दहा अंशांनी तापते. म्हणजे पठारावर ३६ अंशांवर असलेली हवा कल्याणच्या सपाटीला पोचेपर्यंत ४१-४२ अंशांची होऊ शकते. मुंबईला दुपारचा खारा वारा वाचवतो. तो कुलाबा, सांताक्रूझला वेळेवर पोचतो आणि पारा अडतो. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर त्याच्या वाटेवर शेवटी. पूर्वेच्या वाऱ्याचा जोर असेल त्या दिवशी खारा वारा इथवर पोचतच नाही. बदलापूरचा पारा मुंबईहून चार-पाच अंश वर का, याचे उत्तर एवढेच आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. भारतीय हवामान विभागाच्या निकषांत मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेले की उष्णतेची लाट धरतात. किनारपट्टीसाठी हाच आकडा ३७ आहे, डोंगराळ भागासाठी ३०. किनाऱ्याला ही सवलत उगीच दिलेली नाही. हवेत बाष्प असले की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला गार होण्याचा दुसरा मार्ग नाही. चंद्रपूरचे ४४ आणि ठाण्याचे ३९ यांची तुलना करून खुश होणे म्हणूनच धोक्याचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या दिवशी तिथे पाऱ्याने चाळिशीही गाठली नव्हती. उष्माघाताने १४ माणसे गेली. व्यासपीठावर छप्पर होते, समोरच्या गर्दीवर नव्हते. त्याच एप्रिलमध्ये भारत आणि बांगलादेशात पडलेल्या दमट उष्म्याचा अभ्यास वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने केला. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे असा उष्मा पडण्याची शक्यता निदान तीसपट झाली आहे, हा त्यांचा निष्कर्ष. सोहळ्याची वेळ मात्र हवामानबदलाने ठरवली नव्हती.

गैरसमज : आमच्या लहानपणीही एवढेच ऊन होते. तुम्ही एसीत बसता म्हणून जाणवते.

वस्तुस्थिती : या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून तर ते टिकते. सांताक्रूझचा एप्रिलमधला उच्चांक ४२.२ अंश आहे आणि तो आहे १४ एप्रिल १९५२ चा. मार्चचा ४१.७ चा उच्चांक १९५६ चा. आजोबा खोटे बोलत नाहीत. पण विक्रम एका दिवसाचा असतो. बदलली आहे ती सरासरी. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये भारतातले सर्वांत उष्ण वर्ष २०२४ ठरले आणि जगाचेही तेच. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने त्या वर्षी पृथ्वीचे तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीहून १.५५ अंशांनी जास्त होते. आजोबांच्या चाळीला गॅलरी होती, रात्री गच्चीवर अंथरूण पडत होते. दिव्याच्या टॉवरमध्ये किंवा मुंब्र्याच्या पत्र्याच्या खोलीत रात्र उतरतच नाही, कारण दिवसभर तापलेले काँक्रीट आणि पत्रा ती उष्णता रात्री परत करतात. एसीचे म्हणाल तर, तो आतली उष्णता बाहेर टाकतो. बाहेर म्हणजे ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीत.

गैरसमज : एप्रिल-मेमधला बोडका, तपकिरी डोंगर म्हणजे मेलेला डोंगर.

वस्तुस्थिती : याच्याइतका महागात पडलेला गैरसमज दुसरा नसेल, म्हणून यावर जरा थांबू.

ठाणे जिल्ह्यातले बहुतेक जंगल पानगळीचे आहे. सागवान, ऐन, हेद, कळंब, मोह, धावडा ही झाडे फेब्रुवारीपासून पाने टाकतात, कारण पानांतून पाणी उडते आणि जमिनीत ते उरलेले नसते. झाड त्या काळात मेलेले नसते, खर्च कमी करून बसलेले असते. आणि बसलेले तरी कसले! काटेसावर, पांगारा, पळस हे सगळे निष्पर्ण फांद्यांवरच फुलतात, म्हणजे पक्ष्यांना आणि किड्यांना फूल लांबून दिसते. मार्चमध्ये कुसुमाची कोवळी पालवी इतकी लाल येते की नवख्याला ती फुलेच वाटतात. मोहाची फुले पहाटे खाली पडतात आणि ती वेचायला वारली, ठाकर, कातकरी बाया उजाडायच्या आत रानात असतात. मेमध्ये बहावा पिवळा होतो. करवंद, आळू, तोरण, जांभूळ ही सारी फळे पाऊस नसताना पिकतात. डोंगराची काळी मैना पानाच्या द्रोणात घालून कल्याण-ठाण्याच्या पुलांवर बसलेली बाई तुम्हाला रोज भेटते. ती ज्या डोंगरातून आली आहे, त्यालाच आपण गाडीच्या खिडकीतून मेलेला म्हणतो.

सगळ्यांत आश्चर्याचे म्हणजे यातली कितीतरी झाडे पावसाच्या तीन-चार आठवडे आधी, ऐन रखरखाटात नवी पालवी काढतात. पाऊस येईल या भरवशावर नव्हे. खोडात आणि खोल मुळांत राखून ठेवलेल्या पाण्यावर. मेच्या शेवटी काजवे निघतात तेही या तपकिरी रानातच. ठाणे-डोंबिवलीहून भंडारदऱ्याकडे तेव्हा गाड्यांची रांग लागते. हेडलाइटच्या उजेडात नराचा लुकलुकता इशारा मादीला दिसत नाही, त्यांचे मीलन होत नाही आणि मग आपण पुढच्या वर्षी ‘काजवे कमी झाले हो’ म्हणतो.

आता राजकारण. डोंगर मेलेला दिसला की तो कागदावर पडीक होतो. पडीक जमिनीचे काहीतरी ‘करावे’ लागते. दगडखाणीला द्यावी लागते, बंगल्यांची स्कीम काढावी लागते, नाहीतर झाडे लावावी लागतात. मलंगगडाखालच्या आणि शिळफाट्याच्या आसपासच्या डोंगरांच्या कापलेल्या कडा पाहा. आपल्या इमारतींची खडी आली ती अशाच डोंगरांतून. सह्याद्रीतले सडे आणि माळराने यांचे नशीब तर आणखी वाईट, कारण त्यांच्यावर झाड नसतेच. तिथे पावसाळ्यात जमिनीलगत फुलणाऱ्या वनस्पती, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, साप यांची गणती वृक्षारोपणाच्या फॉर्ममध्ये कुठे करायची, तो रकानाच नाही.

गैरसमज : उन्हाळ्यात वणवा आपोआप पेटतो. नाहीतर मग आदिवासी लावतात.

वस्तुस्थिती : बांबूवर बांबू घासून ठिणगी पडते, ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते. सह्याद्रीत वणवा लागतो तो माणसाच्या हाताने. कोरडी वीज पडून आग लागावी असे आपले हवामान नाही. वळवाच्या विजा येतात त्या पावसासकट. उन्हाचे काम वेगळे आहे. ते काडी ओढत नाही, पण ओढलेली काडी डोंगरभर पसरवते. उन्हाळा जितका लवकर आणि जितका कोरडा, तितके गवत-पालापाचोळा पेट घ्यायला तयार असण्याचे दिवस जास्त. हवामानबदलाचा आणि वणव्याचा संबंध इतका आणि एवढाच आहे.

कोण लावते? पुढच्या पावसात गवत जोमाने येईल म्हणून काही गुराखी लावतात. मोहाखालची जमीन साफ व्हावी, फुले सहज वेचता यावीत म्हणून काही जण लावतात. ससा-डुकराच्या शिकारीसाठी लावतात. येऊरला, पारसिकला, मलंगगडाखाली रात्रीच्या पार्टीची शेकोटी विझवायची राहते. कुणी चालत्या गाडीतून सिगारेट फेकतो. आणि जमिनीवर डोळा असला की झाडे जळालेली बरी पडतात, हे ज्याला माहीत आहे तोही लावतो. या यादीत आदिवासी आहेत, पण एकटे तेच नाहीत, आणि शेवटच्या तीन नोंदी तर शहरातल्या आहेत.

जाळल्याने गवत चांगले येते हेही अर्धवट आहे. राखेमुळे पहिल्या पावसात हिरवा कोंब लवकर दिसतो, हे खरे. पण आगीत नत्र हवेत उडून जातो, रोपे मरतात, रातव्यासारख्या जमिनीवर विणीला बसणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या सरीतच ओढ्यात जाते. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी गवताचीही जात हलकी होते. जनावर तोंड लावत नाही असे खरबरीत गवत उरते.

वणवा आणि राब यांची मात्र गल्लत करू नये. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा, शेण, झाडाच्या छाटलेल्या डहाळ्या पसरून जाळणे ही ठाणे-रायगडची जुनी पद्धत. ती वाफ्यापुरती असते आणि माणूस शेजारी उभा असतो. इंग्रजांच्या जंगलखात्याने राबासाठी डहाळ्या तोडण्यावर बंधने आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतले शेतकरी इतके चिडले की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनांची चौकशी करणारे कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. डोंगरात राजकारण आत्ता शिरले असे ज्यांना वाटते त्यांनी ही वर्षे लक्षात ठेवावीत.

गैरसमज : झाडे लावली की तापमान उतरते.

वस्तुस्थिती : झाड जगले तर. राज्य सरकारने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांची मोहीम काढली. जुलैत लावलेल्या रोपाची परीक्षा मेमध्ये असते, आणि मेमध्ये तिथे कुणी मंत्री नसतो. आपल्याजवळचे उदाहरण अंबरनाथ तालुक्यातल्या मांगरूळचे. २०१७ च्या जुलैत तिथल्या डोंगरावर एक लाख झाडे लावण्याची मोठी मोहीम झाली, हजारो माणसे कुदळ-फावडी घेऊन आली. पुढे त्याच डोंगरावर वणवे लागले आणि हजारो रोपे जळाली. लावण्याइतके राखण्याला महत्त्व असते, हे त्या आगीने शिकवले. शिकले किती जण, हा वेगळा प्रश्न.

शिवाय काय लावता हेही आहे. मुंबई-ठाण्याच्या भोवतीच्या डोंगरांवर जिकडेतिकडे गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, दिसते. ती झपाट्याने वाढते, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि फोटोत हिरवी दिसते. मूळची ती मध्य अमेरिकेची. तिच्या दाट रांगांखाली करवंद येत नाही. तोडलेल्या ऐनाची भरपाई ऐनानेच होते.

गैरसमज : उल्हास बारमाही नदी आहे, त्यामुळे कल्याण-डोंबिवलीला पाण्याची ददात नाही.

वस्तुस्थिती : राजमाची-खंडाळ्याकडच्या डोंगरांतून उतरणारी उल्हास मेमध्ये वाहताना दिसते, हे खरे. पण ते पाणी तिचे नाही. टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र १९२२ पासून चालू आहे. त्यासाठी मावळात आंध्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण बांधले. ते पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेला सोलापूर-पंढरपूरकडे जाणारे. ते बोगद्यातून घाटाखाली सोडतात, टर्बाइन फिरवतात आणि वीज झाल्यावर ते उल्हासला मिळते. दुसरा आधार एमआयडीसीच्या बारवी धरणाचा. हे दोन आधार काढले तर एप्रिलमध्ये उल्हासच्या पात्रात काय उरेल, ते शहाडच्या पुलावरून दिसले असते. म्हणजे डोंबिवलीचा नळ सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर पडलेल्या पावसावर चालतो. भीमेचे पाणी भीमेला परत द्या, ही मागणी त्या खोऱ्यातून अधूनमधून होत असते. ती चुकीची म्हणता येणार नाही. टाटांच्याच मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. आपल्या दिव्यांचा आणि नळांचा इतिहास इतका निर्मळ नाही.

शहापूरची कथा याच्याहून कडू. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा १८९२ पासून तिथे आहे. मोडक सागर आणि भातसाही त्याच मुलखात. एकटी भातसा मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी पुरवते. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. धरणातले पाणी खाली आहे, पाडे वर आहेत, आणि पाण्याचा नळ मुंबईच्या दिशेने टाकलेला आहे. इथे पाऊस मोप पडतो, पण बेसॉल्टचा कातळ पाणी फारसे धरत नाही. उतारावर झाडोरा आणि माती असेल तर झरे मार्च-एप्रिलपर्यंत टिकतात, नसेल तर जानेवारीतच आटतात. म्हणून वणव्याची गोष्ट पाण्यापासून वेगळी काढता येत नाही.

त्यावर आपला उपाय ठरलेला आहे: आणखी एक धरण. मुरबाडच्या काळू नदीवर धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, तेही वनखात्याची मंजुरी नसताना. सुमारे हजार हेक्टर जंगल त्यात जाणार होते. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. धरणाची मागणी त्यानंतरही मिटली नाही, कारण खाली लोढा, पलावा, घोडबंदर वाढतच आहेत. शहराला पाणी लागते, हे नाकारून चालणार नाही. पण गळती किती, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा किती वापरले आणि टॉवरला परवानगी देताना पाण्याचा स्रोत कोणता लिहिला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय हजार हेक्टर रान बुडवायला निघणे हा उतावळेपणा आहे.

गैरसमज : दरडी पावसाने कोसळतात, आणि त्या लांबच्या खेड्यांत.

वस्तुस्थिती : पाऊस शेवटचा धक्का देतो. त्याआधी उतारावरची माती किती जाड, खालचा कातळ किती कुजलेला, वर पाणी मुरते कुठे आणि पायथा कुणी कापला, यावर दरड पडणार की नाही ते ठरते. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही जुलैतल्याच आणि तिन्ही सह्याद्रीच्या उतारावरच्या. इथे आपणही एक सोपी समजूत सोडायला हवी. प्रत्येक दरड विकासकामानेच कोसळते असे नाही. इर्शाळवाडी ठाकरांची छोटी वाडी होती, तिथे ना रस्ता पोचला होता ना बुलडोझर. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीतही तिचे नाव नव्हते. यादी तयार करणारा डोंगर चढून गेला होता का, हा प्रश्न कुणाला विचारायचा?

आणि लांबचे म्हणाल तर १९ जुलै २०२१ रोजी कळव्याच्या घोलाईनगरमध्ये पारसिकच्या उतारावर दरड पडून पाच जण गेले. पारसिकच्या बोगद्यातून १९१६ पासून गाड्या जातात आणि त्याच्या डोक्यावर आज वस्ती आहे. दर मे महिन्यात तिथल्या लोकांना नोटिसा मिळतात, दर जूनमध्ये ती माणसे तिथेच असतात, कारण नोटिशीबरोबर घर मिळत नाही. त्यांना अनधिकृत म्हणणे सोपे आहे. तोच कायदा येऊरच्या बंगल्यांपाशी गेला की त्याला धाप लागते.

पावसाचा स्वभाव बदलला आहे, यालाही आता आधार आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. त्याचे एक कारण तापलेला अरबी समुद्र. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले, ते आठवत असेल.

गैरसमज : पाऊस लवकर आला की उन्हाळा सुटला.

वस्तुस्थिती : २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला, १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर कधीच नव्हता. करवंदे झाडावर सडली, आंबा भिजला, शेतकऱ्याचे राब पेटलेच नाहीत. वेळेवर आलेला पाऊसच चांगला.

गैरसमज : गाडगीळ अहवाल लागू झाला तर डोंगरातल्या शेतकऱ्याला घराला कौलही घालता येणार नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज पश्चिम घाटाच्या सहाही राज्यांत, जवळजवळ सगळ्या पक्षांनी मिळून वाढवला. निवडणूक नसतानाही इतके एकमत क्वचित दिसते. केंद्राने २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल गेला, आणि तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१२ च्या मेमध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. त्याचा गाभा कडक बंदीचा नव्हता. घाटाचे तीन संवेदनशीलतेचे पट्टे पाडावेत आणि कुठे काय करायचे, याचा शेवटचा शब्द ग्रामसभेचा असावा, असे तो म्हणत होता. खरा त्रास याच वाक्याचा होता. ग्रामसभा शेतीला नाही म्हणत नाही. ती खाणीला नाही म्हणू शकते.

मग कस्तुरीरंगन समिती आली. तिने २०१३ मध्ये घाटाच्या साधारण ३७ टक्के भागाला संवेदनशील ठरवले आणि ग्रामसभेचा भाग पातळ केला. त्यावर आधारलेल्या मसुद्यांत बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर, औष्णिक वीजकेंद्रांवर, ‘लाल’ वर्गातल्या प्रदूषणकारी कारखान्यांवर, आणि २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. भातशेतीवर बंदी नाही, घराच्या दुरुस्तीवर नाही, जमीन विकण्यावर नाही. वीस हजार चौरस मीटरचे कौलारू घर मुरबाडात कुणाचे आहे ते मला ठाऊक नाही.

अनुभवही जवळच आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे आणि स्ट्रॉबेरी तिथे थांबलेली नाही. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चढून गेला ते माथेरान २००३ पासून संवेदनशील क्षेत्र आहे, आणि गाड्यांना बंदी असूनही, की असल्यामुळेच, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मात्र शेतकऱ्याची भीती अगदीच हवेतली नाही. महाबळेश्वरला नियमांच्या नावाखाली परवान्यांची आणि हात ओले करण्याची कटकट लोकांच्या मागे लागली, हे गाडगीळांच्या अहवालातच नोंदवले आहे. नियम वरून लादला की तो दुबळ्याला अडवतो आणि बलवानाला वाट देतो. ग्रामसभेचा आग्रह त्यासाठीच होता, आणि तोच भाग आधी गळला.

२०१४, २०१५, २०१७, २०१८, २०२२, २०२४. दहा वर्षांत सहा मसुदे निघाले, त्या दहा वर्षांत अंतिम अधिसूचना एकही नाही. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. केरळातल्या वायनाडच्या डोंगराने शेकडो माणसे गिळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात एकूण ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी महाराष्ट्राचे १७,३४०. प्रत्येक वेळी गावे वगळा म्हणून राज्ये अर्ज करतात आणि महाराष्ट्र त्यात मागे नाही.

अशा प्रत्येक मसुद्यावर नागरिकांना हरकती आणि सूचना पाठवायला साठ दिवस मिळतात. खाणमालक पाठवतात, बिल्डर पाठवतात, आमदार पाठवतात. त्या डोंगरांचे पाणी पिणारे ठाणेकर आणि डोंबिवलीकर पाठवत नाहीत. पुढच्या वेळी तुमचेही एक पत्र जाऊ द्या, मराठीत लिहिलेले चालते. आणि तोवर उन्हाळ्यात खिडकीतून समोरच्या डोंगरावर आगीची रेघ दिसली, तर मोबाइलवर फोटो काढण्याआधी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा.